तीन मायक्रॉन

ओवी दुकानात शिरली तेव्हा मी काच कापत होते. काच कापताना मी कुणाशी बोलत नाही, हे अख्ख्या नारायणगावाला माहीत आहे. एकोणऐंशी वर्षांची बाई फोटोफ्रेमच्या काचा अजून स्वतः कापते म्हणून लोक कौतुक करतात, आणि मला त्या कौतुकाचा राग येतो. हात थरथरत नाहीत तर का नाही कापायच्या? ओवी बिचारी दारातच उभी राहिली. हिरकणी ओढून झाली, काच रेघेवर सरळ तुटली, तेव्हा मी वर पाहिलं.

ओवी म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची, प्रमिलाअक्काची, नात. वय सत्तावीस. पुण्यातल्या एका संस्थेत ताऱ्यांच्या जागा मोजते. मी तिला आयुष्यात चारदा पाहिलं होतं, चारही वेळा लग्नकार्यात. अक्का आणि मी एकमेकींच्या घराची पायरी १९८५ पासून चढलेलो नाही.

"मावशीआजी, सोनदऱ्याच्या तुमच्या काचा सापडल्या," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी सालच्या. त्यांची मापं बरोबर होती."

मी हिरकणी खाली ठेवली. अठ्ठावन्न वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते कुणी हातात हेल्मेट धरून उभ्या उभ्या सांगून टाकेल असं वाटलं नव्हतं. मला आनंद झाला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ओवीला मी स्टुलावर बसायला सांगितलं आणि चहा सांगितला, कारण राग तिच्यावर नव्हता.

सोनदऱ्याच्या पठारावर तेव्हा वेधशाळा होती. रात्री साहेब लोक दुर्बिणीतून काचेच्या प्लेटवर आकाशाचा फोटो घ्यायचे आणि दिवसा आम्ही मुली त्या काचेवरच्या काळ्या ठिपक्यांच्या जागा मोजायचो. एक ठिपका म्हणजे एक तारा. त्या खोलीला सगळे मापखोलीच म्हणायचे. पठाराखालच्या गावातल्या दहावी झालेल्या मुली तिथे घेतल्या होत्या, कारण आमचे डोळे चांगले आणि तोंड बंद. अक्का होती मापक. ती यंत्राच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची, स्क्रू फिरवून ठिपक्याच्या बरोबर मध्ये रेघ आणायची आणि आकडा बोलायची. मी तिची सहायक. काच बसवायची, आकडे लिहायचे आणि काच फिरवायची.

हे फिरवणं नीट समजून घ्या, कारण माझं सगळं आयुष्य त्यात गेलं. माणसाचा डोळा ठिपक्याचा मध्य शोधताना जरा एका बाजूला चुकतो. प्रत्येकाचं चुकणं ठरलेलं असतं, आणि ठिपका मोठा असेल, म्हणजे तारा तेजस्वी असेल, तर जास्त चुकतं. अक्काचा डोळा मोठ्या ठिपक्याला तीन मायक्रॉन उजवीकडे जायचा. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. यात तिचा दोष काही नव्हता. डावखुऱ्याला कुणी दोष देतं का? त्याच्यावर उपाय असा, की एकदा सगळी काच मोजायची, मग काच चौकटीत उलटी फिरवायची, वरची कड खाली, आणि पुन्हा मोजायची. आता तीच चूक दुसऱ्या बाजूला पडते. दोन्हींची सरासरी काढली की चूक गेली आणि तारा उरला.

काच फिरवण्याचा एक रिवाज होता. मी आधी हातातल्या बांगड्या काढून पितळी वाटीत ठेवायची, कारण बांगडीचा एक ओरखडा म्हणजे एक तारा पुसला. मग काच फिरवून मी म्हणायची, "फिरली." अक्का सूक्ष्मदर्शकातून काचेच्या कोपऱ्यात कोरलेला नंबर बघायची. तो उलटा दिसला, की म्हणायची, "बसली." तिने बसली म्हटल्याशिवाय पुढचं काम सुरू व्हायचं नाही. मग हातांची ऊब काचेतून जायला दहा मिनिटं थांबायचं, भिंतीवरच्या घड्याळावर मोजून. दिवसाला आठ वेळा फिरली, आठ वेळा बसली. घरी आईने पोळी उलटली का विचारलं, की आम्ही दोघी एकदम तेच बोलायचो आणि हसायचो.

रजिस्टरचाही नियम होता. आकडा चुकला तर खोडायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही करायची.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत आम्ही एका दिवसात एकाच ताऱ्याच्या तीन काचा मोजल्या. यादीतला एकेचाळीस नंबरचा तारा, चांगला तेजस्वी. वर्षभराच्या काचा मोजून झाल्यावर, पंच्याऐंशीच्या सुरुवातीला, मापखोलीचे प्रमुख भाटवडेकर साहेब यांनी हिशेब लावला, तर जानेवारीच्या तिन्ही काचांवर तारा तीन मायक्रॉन सरकलेला. मे महिन्यात परत जागेवर. तारे असे फिरायला जाऊन परत येत नाहीत. साहेबांनी दोन आकडे शेजारी ठेवले. तीन मायक्रॉन सरकलेला तारा, आणि अक्काच्या डोळ्याची तीन मायक्रॉनची चूक, तीही त्याच बाजूला. म्हणजे चूक कापली गेली नाही, म्हणजे काच फिरवलीच नाही. दोन्ही वेळा सरळच मोजली, आणि उलट्या मापाचा आकडा सरळ करून लिहायचं काम सहायकाचंच असल्याने सहायकाने ते दडपलं. आणि त्या दिवशी गावात पौष पौर्णिमेची जत्रा होती, आम्हाला खाली नेणारी जीप साडेपाचला सुटणार होती, हे त्यांना शिपायाने सांगितलं. तीन काचांची दहा-दहा मिनिटं मी जत्रेसाठी वाचवली, असं ठरलं.

मी म्हटलं, काचा कपाटात आहेत, परत मोजा. साहेब म्हणाले, घड्याळाकडे डोळे लावून काम करणाऱ्या मुलीसाठी यंत्र दोन दिवस अडवायचं नसतं. मग त्यांनी अक्काला विचारलं, काच फिरली होती का? तिला ठाऊक होतं. तिने तीनदा उलटा नंबर डोळ्यांनी पाहिला होता, तीनदा उत्तर दिलं होतं. पण काच फिरली असेल, तर चूक तिच्या डोळ्याची ठरत होती, आणि मार्चमध्ये तिला कायम करायची ऑर्डर निघणार होती. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मला आठवत नाही."

मी एकवीस वर्षांची होते. साहेबांनी रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं, सहायकाने काच फिरवली नाही, मापे रद्द. मला त्याच दिवशी घरी पाठवलं. गावात 'कामात फसवलं' हा शब्द माझ्या आधी पोचला होता, आणि ठरत आलेली सोयरीक त्याच आठवड्यात मोडली. अक्का कायम झाली आणि पुढे तेरा वर्षांनी मापखोली बंद होईपर्यंत तिची प्रमुख राहिली. मी नारायणगावात येऊन काचा कापायला शिकले. दुसरं काय येत होतं मला? काच धरायला येत होती.

ओवी चहा घेता घेता समजावून सांगत होती. आपला 'अरुंधती' उपग्रह चार वर्षांपूर्वी वर गेला. तो ताऱ्यांच्या जागा इतक्या बारीक मोजतो, की चंद्रावर ठेवलेला शेंगदाणा कुणी बोटभर सरकवला तरी त्याला कळेल. दोन वर्षांपूर्वी त्याला एक तारा जागेवरून किंचित सरकून परत येताना दिसला. ताऱ्याला काही झालं नव्हतं. आपल्या आणि त्याच्या मधून काही तरी जड आणि काळं गेलं होतं. वजनदार वस्तूच्या जवळून जाताना प्रकाश वाकतो, मग तारा खऱ्या जागेच्या बाजूला दिसतो, आणि ती वस्तू पुढे गेली की पुन्हा जागेवर.

मी दुकानाच्या दाराकडे बोट केलं. जुनी काच आहे, मध्ये एक लहर आहे. मान जरा हलवली, की समोरच्या एस.टी. स्टँडच्या पाटीची अक्षरं सरकतात आणि परत येतात. ओवी उठून दोनदा मान हलवून आली. म्हणाली, अगदी हेच, फक्त ही लहर बारा सूर्यांच्या वजनाची आहे. मेलेला तारा, प्रकाश अजिबात नाही, पंचवीस प्रकाशवर्षांवर. तारा किती सरकला त्यावरून वजन कळलं, कसा सरकला त्यावरून वाट कळली. ती वाट मागे नेली, तर ही काळी वस्तू १९८४च्या जानेवारीत दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून गेली होती. पहिल्या ताऱ्याच्या शेजारचाच, एका काचेवर दोघे मावतील इतका जवळचा. सोनदऱ्याच्या यादीत त्याचा नंबर एकेचाळीस.

"किती सरकायला हवा होता?" मी विचारलं.

"तुमच्या काचेवर? तीन मायक्रॉन. आम्ही काचा स्कॅन केल्या. तिथे तो सरकलेलाच आहे."

म्हणजे साहेबांनी तीनाचे दोन आकडे शेजारी ठेवले, त्यातला एक आकाशाचा होता, एक माझ्या बहिणीच्या डोळ्याचा. दोन्ही सारखे निघाले हा नुसता योगायोग. त्या योगायोगावर एका माणसाने विचार न करता लाल शाई ओतली आणि दुसऱ्या माणसाने विचार करून तोंड मिटलं. मला जास्त राग दुसऱ्याचा आहे. साहेब गेले, त्यांच्याशी आता काय भांडायचं.

ओवी सांगत होती की सगळ्या जगात आता हेच चाललंय. अरुंधतीच्या आकड्यांवरून गेल्या दीडशे वर्षांत कुठल्याही दिवशी कुठला तारा नेमका कुठे होता हे काढता येतं, त्यामुळे जुन्या वेधशाळांची रजिस्टरं परत तपासायला घेतली आहेत. कुणी मापं न घेताच आकडे लिहिले, कुणाचे खरे आकडे कुणी दाबले, सगळं नावानिशी बाहेर येतंय. एका ठिकाणी संस्थापकाचा फोटो भिंतीवरून उतरवला. एका बाईची पणती दुसऱ्या देशातून आली आणि पणजीच्या रजिस्टरपुढे बसून रडली. मला वाटलं, बरं झालं. मेलेल्यांचे पेपर कुणी तरी तपासायलाच हवे होते.

मग तिने पिशवीतून निमंत्रणपत्रिका काढली. मापखोली दुरुस्त करून तिथे छोटं संग्रहालय केलं होतं, रविवारी सकाळी उद्घाटन होतं. अक्काचा सत्कार होणार होता. काळ्या ताऱ्याची चाहूल साऱ्या जगात सर्वांत आधी जिच्या डोळ्याला लागली, त्या श्रीमती प्रमिला बोऱ्हाडे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'तत्कालीन गैरसमजामुळे ही नोंद बाजूला राहिली होती.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

"गैरसमज?" मी म्हटलं. "कुणाचा समज आन् कुणाचा गैर? आजीला इचारलंस का तुझ्या?"

विचारलं होतं. आजी म्हणाली, मला आठवत नाही. संचालकांचं म्हणणं होतं की इतक्या जुन्या गोष्टीत कडवटपणा नको, बाईंची बायपास झालेली आहे. ओवी खाली मान घालून म्हणाली, "तिने मला लहानाची मोठी केलीये, मावशीआजी. ती खोटं बोलतेय असं मला कसं म्हणता येईल? काच फिरली होती हे मोजून दाखवता येतं. तिला ते आठवतं, हे मोजता येत नाही."

पोरगी प्रामाणिक होती, त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना. मी विचारलं, मग माझ्याकडे कशाला आलीस? ती म्हणाली की पत्रिकेतलं वाक्य तिला झोपू देत नाही. सत्काराच्या आधी अक्काचा यंत्रावर बसलेला फोटो काढायचा आहे, तेव्हा शेजारी सहायकाच्या जागी तुम्ही उभ्या राहा, निदान फोटोत तरी असाल. फोटोच्या चौकटी मी जन्मभर बनवल्या. आत उभं राहण्यासाठी मला कुणी पहिल्यांदाच बोलावत होतं, आणि तेही तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. तरी मी येते म्हटलं. एक गोष्ट मला सुचली होती, ती तिला सांगितली नाही.

रविवारी पठारावर शंभरेक माणसं होती. मापखोलीला पांढरा रंग दिला होता आणि आमचं यंत्र तेल-पाणी करून मधोमध ठेवलं होतं. शेजारच्या काचेच्या कपाटात ते रजिस्टर उघडं ठेवलं होतं, पण दुसऱ्याच पानावर. अक्काला दोन मुलींनी चाकाच्या खुर्चीतून आणली. त्र्याऐंशी वर्षांची झाली होती, कानात यंत्र, अंगावर मोरपंखी साडी. तिने मला पाहिलं आणि नजर पदराकडे वळवली. पंधरा वर्षांपूर्वी एका बारशात शेवटची भेट झाली होती, तेव्हाही तिने पदरच पाहिला होता.

संचालकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की आज आनंदाचा दिवस आहे. मी म्हटलं, "माझं सोडा." मग खुर्ची धरलेल्या मुलींना म्हटलं, "पोरींनो, बाईंना जरा यंत्रापाशी नीट बसवा."

यंत्रावर एकेचाळीस नंबरच्या ताऱ्याची खरी काच लावली होती, त्या तिन्हींपैकी पहिली. फोटोग्राफर म्हणाला, आजी, डोळा लावा. अक्काने डोळा लावला, आणि तिचा उजवा हात आपोआप स्क्रूवर गेला. पाठ सरळ झाली. पंचेचाळीस वर्षं तिने या यंत्राला हात लावला नव्हता, पण बोटं जिथे जायची तिथेच गेली. मी ते बघत होते. ती चांगली मापक होती. एवढी चांगली होती म्हणून तर राग कमी होत नाही.

माझ्या हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या, मुद्दाम घातलेल्या. त्या मी काढल्या आणि टेबलावरच्या पितळी वाटीत टाकल्या. तो आवाज ऐकून अक्काचा खांदा हलला. संग्रहालयाचा माणूस पुढे यायला लागला, पण ओवीने त्याला हाताने थांबवलं. मी चौकटीचे दोन्ही चाप सोडले, काच कडांनी धरली, वरची कड खाली आणली आणि परत बसवली. हात थरथरले नाहीत.

"फिरली," मी म्हणाले.

"बसली," अक्का म्हणाली.

जराही थांबली नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने उलटा नंबर पाहिला आणि उत्तर दिलं, माझ्याबरोबर तीन आणि पुढे तेरा वर्षं रोज दिलं तसं, अगदी त्याच सुरात. आणि मग आपण काय बोललो हे तिला कळलं. तिने डोळा काढला नाही.

मी तिच्या कानातल्या यंत्राजवळ वाकले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असंच विचारलं. "त्या दिवशी किती येळा म्हनली व्हतीस, अक्का?"

संचालक काही तरी बोलायला गेले, तर ओवी म्हणाली, सर, थांबा.

"तीनदा," अक्का म्हणाली. "तीनदा म्हनले व्हते. तवा खरं सांगितलं असतं तर मला ठेवली असती का त्यांनी, वच्छे? एकीला काढणारच व्हते."

"मंग ती मी का?"

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांत तिने याचं उत्तर शोधलं असेल, तर सापडलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती खरंच म्हातारी झाली होती. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

ओवीने कपाट उघडलं. रजिस्टर काढून पान उलटलं आणि ते आजीच्या मांडीवर ठेवलं. लाल शाई फिकट होऊन विटकरी झाली होती. सहायकाने काच फिरवली नाही, मापे रद्द. संचालक म्हणाले की मूळ दस्तावेजावर असं काही करता येत नाही. अक्का मान वर न करता त्यांना म्हणाली की या खोलीचा नियम त्यांच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. मग तिने हात पुढे केला आणि ओवीने त्यात पेन दिलं.

तिने एकच रेघ मारली. रेघ सरळ आली. बाजूला तिने सही केली आणि तारीख घातली, अकरा जानेवारी दोन हजार त्रेचाळीस.

परत येताना ओवीने गाडीत मला विचारलं, आजीला माफ केलंत का? मी नाही म्हटलं. तिने आणखी काही विचारलं नाही, आणि मला ते आवडलं. रेघेखालचं सगळं अजून स्वच्छ वाचता येत होतं. माझ्या बांगड्या पितळी वाटीतच राहिल्या, हे घाट उतरल्यावर लक्षात आलं. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या रविवारी जाऊन आणीन.